बेडकाची नस आणि आमचे काका

उभ्या जाफराबाद तालुक्यात बेडकाला ‘अहो’ म्हणणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणी पीएचडीसाठी त्यांनी बेडकांच्या नसांवर प्रयोग केले, त्या उपकाराची फेड आजतागायत चालू आहे. मोरीत बेडूक शिरला की मावशी झाडू उगारते आणि काका मध्ये उभे राहून म्हणतात, “अहो साहेब, बाहेर चला.” गप्पा कशाच्याही असोत, चहाच्या तिसऱ्या घोटाला नसांमधलं ते पेप्टाइड नावाचं रसायन निघणारच. एकदा राजूरला गणपतीचं दर्शन उरकून त्यांच्या भाचीच्या सोयरिकीची बैठक बसली होती. मुलाकडच्या कुणीतरी सहज विचारलं, “सर, तुमचा विषय काय होता?” झालं! “हे बघा, नस सांगती, स्नायू ऐकतो. पेप्टाइड मधला माणूस. निरोप त्याचा न्हाई, पण तो जोरात पोचवायचा का दबक्या आवाजात, हे बराबर त्याच्या हातात. हे आपले मध्यस्थ बसलेत ना, बिलकुल तसं!” मध्यस्थ भडकले. “मला बेडकात जमा करून राह्यले का?” म्हणत त्यांनी चपला घातल्या, जीपपर्यंत पळत जाऊन त्यांना परत आणावं लागलं. सोयरीक जमली, पण त्या दिवसापासून मावशीने घरात बेडूकबंदी जाहीर केली. ती अर्थातच कुणी पाळली नाही.

गेल्या हिवाळ्यात काकांचा चेहरा एका बाजूने लुळा पडला. नस सुजलीय, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, गाल फुगवायचे व्यायाम दिले, बहुतेक जण बरे होतात असा धीरही दिला. पण बोलताना शब्द ओठांतून सांडायचे, चहा ओघळायचा. काकांनी व्यायाम नाकारले आणि बोलणंच सोडलं. ते घर इतकं गप्प झालं की मला तिथे बसवेना. हा माणूस आता असाच राहतो की काय, या धास्तीने मावशी निम्मी झाली.

एका सकाळी माझ्यादेखतच ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. “अहो, ते पेप्टाइड म्हंजे असतंय तरी काय?”

इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे कधी विचारलं नव्हतं. काका सरसावून बसले. ‘प’ म्हणायला ओठ मिटेनात, तरी ते सुरू झाले. चहा गार झाला, भाजीवाला हाका मारून निघून गेला, मावशी जागची हलली नाही.

निघताना मी तिला दारात विचारलं, “समजलं का काही?”

“एक अक्षर न्हाई,” ती पदराने डोळे टिपत म्हणाली. “मी तर ओठाचा तो कोपरा बघून राह्यल्ते. जरासा हलल्यावानी वाटला. उद्या अजून विचारते.”