ताईची शिरगणती

शिरगणतीच्या कामावर कुणी हौसेनं जात नाही. जिल्हा कचेरीतून हुकूम सुटला की शाळेतल्या मास्तरांनी मुकाट्यानं पिशवी खांद्याला लावायची आणि नेमून दिलेली गावं पालथी घालायची. मास्तरीणबाईंच्या वाट्याला जिल्ह्याच्या पार टोकाची, नदीपलीकडची वाडी आली. तिथं माणसांपेक्षा शेळ्या जास्त, चुकून त्याच मोजून याल, अशी चेष्टाही शाळेत झाली.

दारोदार तेच ते विचारून बाईंचा घसा बसला होता. वय विचारलं की कुणी हसायचं, कुणाला सुनेचं माहेरचं नाव आठवायचं नाही. वीटभट्टीच्या मागं शेवटचं घर होतं. ओसरीवर एक पोक्त बाई शेंगा सोलत बसली होती. तिनं पाणी दिलं, बसायला पोतं अंथरलं. नवरा भट्टीवर मुकादम, दोन मुलगे, एक सून. सगळं भराभर लिहून झालं. जन्मगाव विचारलं, तर ते बाईंचंच माहेर निघालं.

"अगं बाई, मीही तिथलीच. कुणाच्या तुम्ही?" बाई खुशीत म्हणाल्या.

समोरचीचे हात थांबले. बाईंच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याचा वण होता, त्याकडे ती बघत राहिली.

"तू चिमी ना?"

या नावानं हाक मारणारे आता एकटे वडीलच उरले होते. बाईंची थोरली बहीण पुरात वाहून गेली, तेव्हा बाई पहिलीत होत्या. निदान घरात तसं सांगितलेलं. वडील गावचे कारकून, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्याकडेच. पोटच्या पोरीचा मृत्यू त्यांनी स्वतःच्या हातानं नोंदवला, म्हणून गाव हळहळलं होतं. आणि ती पोर इथं शेंगा सोलत बसली होती.

ताई सांगत होती आणि त्यातलं निम्मं बाईंच्या कानात शिरत नव्हतं. ती या मुकादमाबरोबर निघून आली होती, नावही बदललं होतं. आम्हाला तू मेलीस, असं बाबा म्हणाले होते. म्हणाले तसं त्यांनी लिहूनही टाकलं.

"आईला कधीच कळलं नाही?" बाईंनी कसंबसं विचारलं.

ताईलाच नवल वाटलं. "आई यायची की दरवर्षी. गुडघ्याच्या औषधाला जाते म्हणून निघायची. यंदा मात्र फिरकली नाही. गुडघे फारच धरलेत का गं?"

आई गेल्या थंडीत वारली होती. एवढ्या खेपा घालून गुण कसा येत नाही, म्हणून बाईंनी त्या न पाहिलेल्या वैद्याला जन्मभर नावं ठेवली होती. आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती.

ऐकून ताई रडली नाही. शेंगांची पाटी बाजूला सारून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत जावं की नाही, हे न कळून बाई तशाच पोत्यावर बसून राहिल्या. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, तेव्हा मात्र त्या धावल्या.

संध्याकाळी त्या थेट वडिलांकडे गेल्या. ताई भेटली, एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिला धरलंस मोजणीत?" त्यानं विचारलं.

"धरलं. बाबा, आई तिकडं जायची, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बसमध्ये मीच बसवून द्यायचो."

म्हणजे घरात हे ठाऊक नसलेल्या तेवढ्या बाई एकट्याच. मग तुम्ही का नाही गेलात, असं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "लिहून बसलो होतो ना."

पुढच्या रविवारी बाई मुलांना घेऊन वाडीला गेल्या. वडील आले नाहीत. आता बाई सुट्टी मिळाली की जातात, दोघी बहिणी खूप बोलतात, भांडतातही. पण ताईनं मागून हाक मारली की बाई अजून दचकतात.