भूक लागली गो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबत काम करणाऱ्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? परवा एका कॉलेजात पोपटांच्या अकलेवर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या — आणि मला माझीच किळस आली.

पोपटाला आपले शब्द कळतात, हे दाखवण्यात माझी हयात गेली. माझा पहिला पोपट राघू. मुरबाडकडच्या एका पाड्यावर राहणाऱ्या हिराबाईचा. पडलेल्या झाडाच्या ढोलीतलं पिल्लू तिने भात भरवून वाढवलेलं. पोपट पाळणं गुन्हा आहे, माझ्याकडे परवानगी आहे, असं सांगून मी तो शहापूरला माझ्या कामाच्या जागी आणला. खोटं नव्हतं ते. पण ती घाबरली, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं.

राघू हुशार. लाल म्हटलं की लाल मणी उचलायचा, हिरवा म्हटलं की हिरवा. पण पोट भरलं की काम बंद. म्हणून — कसं सांगू? — मी त्याला उपाशी ठेवायचे. थोडं उपाशी या कामात बरेचजण ठेवतात. मी थोड्यावर थांबले नाही. त्याच्या छातीचं हाड बोटांना टोचायचं, तरी शेंगदाणा मुठीत धरून बसायचे. मग तो अगदी हिराबाईच्या आवाजात म्हणायचा, "भूक लागली गो."

एकदा जवळच सापगावला लेकीकडे आलेली हिराबाई वाट वाकडी करून त्याला बघायला आली. तिच्यासमोरही तो तेच म्हणाला. तिचा चेहरा उतरला.

"बाय, तुमी त्याला खायला देत नाय काय?"

मी हसले. हो, हसले. म्हणाले, "अगं, नुसती नक्कल आहे ती. त्याला अर्थ थोडाच कळतो?"

"मंग बरं हाय," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. समाधानाने गेली बिचारी.

लाल कळतं, हिरवं कळतं, आणि भूक तेवढी कळत नाही? पुढे मी छापूनही तसंच आणलं — रंग तो समजून ओळखतो, हे वाक्य मात्र निव्वळ पोपटपंची. शी!

काही दिवसांनी राघू ते म्हणेनासा झाला. रंग मात्र मरेपर्यंत बरोबर ओळखत राहिला. परवा मी तेही सांगितलं — ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही, तो पोपट सोडून देतो.

टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.