नाकुरूचे गेंडे आणि मीराचं जेवण

मीराला परत आणायचं, एवढ्याच कामासाठी मी नैरोबीला गेलो. मीरा माझी धाकटी लेक. तिथं दवाखान्यात नर्स आहे, एकटी राहते. करमाडहून मी रोज फोनवर विचारायचो, "कधी येतेस?" ती म्हणायची, "अण्णा, तुम्हीच या ना." सातवी शिकलेला म्हातारा, विमानात हरवलो तर? याच धास्तीत वर्ष गेलं. शेवटी गेलो.

जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस आधी घ्यावी आणि तिचं कार्ड पासपोर्टातच ठेवावं. मी ते मुंबईपर्यंत दर टोलनाक्याला चाचपून पाहिलं. सोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी होती. पोरगी उपाशी असणार, याची मला खात्रीच होती.

पोचलो त्या रात्री तिनं ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी वाढली. मी लगेच विषय काढला. "घरी चल. इथं तुझं कोण आहे?"

"आधी गेंडे बघू, मग बोलू," ती म्हणाली.

गेंड्यांचं उद्यान नाकुरूच्या तळ्याभोवती, नैरोबीहून तीन-चार तासांवर आहे. रस्ता चांगला, पण ट्रक लई. ड्रायव्हर जोसेफ एकेकाला मागं टाकायचा आणि मी पुढची सीट घट्ट धरायचो. वाटेत दरीच्या कडेला भाजलेलं कणीस मिळतं, जरूर खा. उद्यानाचं तिकीट आपल्याला महाग पडतं, तिथं राहणाऱ्यांना स्वस्त. मीराला तिचं ओळखपत्र कामी आलं.

इथं पांढरा आणि काळा, दोन्ही गेंडे आहेत, असं जोसेफनं सांगितलं. त्याचं बोलणं मीरा मला मराठीत सांगत होती. तळ्याकाठी एक कळप दिसला. सगळे राखाडी, चिखलानं माखलेले.

"यातला पांढरा कुठला?"

"सगळेच पांढरे, अण्णा."

"माझे डोळे गेले काय?"

"जन्मभर बैल पारखले तुम्ही. बाजारात आधी काय बघता?"

"तोंड."

"मग इथं रंगाकडं काय बघत बसलात?"

तेव्हा नीट बघितलं. ओठ रुंद आणि सपाट, डोकं लांब, मानेवर उंचवटा. तोंड जमिनीला लावून म्हशीसारखं गवत खात पुढं सरकत होते. मान वर करायची गरजच नव्हती.

काळा सापडला काटेरी झुडपांत. अंगानं लहान, मानेवर उंचवटा नाही, डोकं वर, वरचा ओठ टोकदार. त्या ओठानं त्यानं बोटानं धरावी तशी बाभळीची फांदी धरली, ओढली आणि काट्यांसकट चावली. आमची शेळी बांधावर असंच करते. शिंगं दोन्ही जातींना दोन-दोन. पुढचे दात मात्र कुणालाच नाहीत, सगळी मदार ओठांवर.

"म्हणजे अण्णांसारखंच," मीरा हसली.

मला मात्र काळजी लागली. "काट्यांनी तोंड फाटत नाय व्हय? त्या मोकळ्या गवतात का जात नाही?"

मीरानं जोसेफला विचारलं. उत्तर ऐकून तिनं माझ्याकडं बघत सांगितलं, "त्याचं पोट इथंच भरतं. नुसत्या गवताच्या माळावर सोडला तर उपाशी राहील, म्हणतोय."

तो दुसरी फांदी ओढत होता, मी बघत राहिलो.

परतताना रस्त्यालगतच्या खानावळीत जेवलो. मीरा तोच मक्याचा गोळा बोटांनी मोडून खात होती आणि वाढणाऱ्या बाईशी तिथल्या भाषेत थट्टा करत होती. गाल भरले होते, डोळे हसत होते. इतके दिवस तिच्याकडं राहिलो, घरी चल म्हणत राहिलो, पण तिच्या तोंडाकडं काही बघितलं नव्हतं.

विमानतळावर तिनंच विचारलं, "अण्णा, गेंडे बघून झाले. आता बोलायचं?"

"पीठ संपलं की सांग, आणखी पाठवतो," मी म्हणालो.

करमाडला घरी पोचलो तर शेजारचा कडू पाटील दारातच. "पोरगी आली नाय व्हय?"

"नाय. तिचं पोट तिथं भरतंय."

काळजी गेली असं म्हणणार नाही. तिथली बातमी टीव्हीवर दिसली की आजही हातातलं काम टाकून ऐकतो. फोनही रोज करतो. फक्त आता "कधी येतेस" विचारत नाही. विचारतो, "आज काय खाल्लंस?" आणि ती सांगायला लागली की मध्ये बोलत नाही.