माक्याचा कोपरा

भाद्रपद शुद्ध अष्टमी, गेल्या वर्षीची. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. स्थळ: मोठ्या जाऊबाईंचं घर, संग्रामपूर.

हजर: मोठ्या जाऊबाई, मी, माझे यजमान, जाऊबाईंचा पुण्याहून आलेला मुलगा आणि सून. गैरहजर: माका, शंखपुष्पी, केना, डोरली, कुर्डू, आघाडा आणि असेच आणखी काही.

कार्यालयात बैठकांची इतिवृत्तं लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. कोण आलं आणि कोण आलं नाही हे आधी लिहायचं, मग बाकीचं. त्या दिवशी न आलेल्यांची यादी मोठी होती आणि ती तशी होण्याचं कारण मी होते.

आमच्याकडे महालक्ष्म्या थोरल्या घरी बसतात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या आणि सोळा पत्री लागतात. पत्री म्हणजे पूजेला वाहायची पानं, प्रत्येक वेगळ्या झाडाचं. भाज्या बाजारातून आणल्या तर चालतात. पत्री मात्र घरच्या बाईनं त्या सकाळी स्वतःच्या हातानं खुडायची, विकतची नाही, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी ती जाऊबाईंच्या हवाली केली आणि जाऊबाईंनी ती इतकी घट्ट धरली की घरात तिची थट्टा करायची कुणाची हिंमत नव्हती.

त्यांचा मुलगा तेवढा करायचा. थोरले दीर गेले तेव्हापासून तो दरवर्षी जेवणाच्या पंगतीत आईला पुण्याला चल म्हणायचा. त्यावर जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं: "तुह्या पुन्यात सोळा पत्री हातानं खुडून दाव, मंग येते." त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत एक तुळस आणि एक मनीप्लँट. तो हसायचा, सून हसायची आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा.

जाऊबाईंना हे इतक्या ठामपणे बोलता यायचं, कारण त्यांच्या फाटकासमोर ती खुली जागा होती.

आमची वसाहत शिक्षकांची आणि कारकुनांची. लेआउट पडला तेव्हा मधोमध बागेसाठी जागा सोडली, पण बाग काही झाली नाही. रस्ते झाले तेव्हा ठेकेदारानं उरलेला मुरूम एका अंगाला ओतला, त्याचा ढिगारा तसाच राहिला. मधे काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. पूर्वेच्या कडेला जुना लिंब, त्याची सावली. आणि अगदी खाली, जाऊबाईंच्या समोर, एक खोलगट कोपरा. चार घरांच्या गच्च्यांचं पाणी एका सिमेंटच्या नळीतून तिथं उतरायचं आणि दसऱ्यापर्यंत ओल टिकायची. जाऊबाई त्याला माक्याचा कोपरा म्हणायच्या. आम्ही बाकीचे त्याला डबकं म्हणायचो.

वसाहतीच्या समितीची चिटणीस झाल्यावर मी पहिलं काम हातात घेतलं ते या जागेचं. कामाची यादी केली आणि ती तडीला नेली, हे मी त्या वेळी अभिमानानं सांगत असे. काटेरी झुडपं काढणे, ढिगारा पसरवणे, डबकं बुजवणे, तळ्याचा गाळ आणून थर देणे, गवत लावणे, भोवती फरशीचा पायरस्ता करणे. जेसीबी येणार त्या सकाळी जाऊबाई फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "बाकी काहीबी कर. तेवढा कोपरा राहू देजो बाप्पा."

मी म्हटलं, "बघते, ताई."

माझं "बघते" काय असतं ते माझ्या कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक आहे. जेसीबीवाल्यानं डबक्याशी यंत्र थांबवलं आणि बुजवू का राहू देऊ, असं विचारलं. मला डास दिसत होते. माका काय कुठंही मिळेल, असं वाटत होतं. "बुजवा," मी म्हटलं. "सगळं एका पातळीत करून द्या." नळीचं तोंडही सिमेंटनं बंद करायला लावलं, म्हणजे पाणी गटारीकडे वळेल. त्यावरून नंतर फरशी गेली.

गवत सुंदर आलं. ते जगवायला बोअरचं पाणी. आमच्या पट्ट्यातलं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गवताला कुठं चव कळते, असं मी समितीत म्हणाले आणि सगळे हसले. फवारे रोज फिरू लागले. निवृत्त मंडळी पायरस्त्यावरून फेऱ्या मारू लागली, पोरं खेळू लागली. हे सगळं खरं आहे आणि चांगलंही आहे. मी ते नाकारत नाही.

पहिल्या वर्षी जाऊबाईंनी सोळा जमवल्या. कुंपणाच्या कडेनं, फरशीच्या सांध्यातून, कुठून कुठून. त्या घामाघूम होऊन परतल्या होत्या, ते मी पाहिलं. पाहून मी काय केलं? कडेला तण माजलंय म्हणून दिवाळीनंतर तिथं तणनाशक मारून घेतलं. माझ्या यादीत ते काम होतंच.

मग गेल्या वर्षीची ती सकाळ. मी पुरण वाटत होते. जाऊबाई उजाडताच परडी घेऊन बाहेर पडल्या. पुरण वाटून झालं, कणीक मळून झाली, भाज्या फोडणीला पडल्या, तरी त्या आल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर त्या हिरवळीच्या मधोमध उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. सगळीकडे एकसारखं, घोट्यालाही न लागणारं गवत. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस निदान जागा तरी बदलतो. त्या जागच्या हलत नव्हत्या.

आत आल्यावर त्यांनी परडी ओट्यावर ठेवली. बेल, तुळस, कण्हेर, बोर, रुई. लोकांच्या अंगणातून मिळेल ते. आणि दूर्वांचा मोठा ढीग.

"दूर्वा गंज हायेत वं," त्या म्हणाल्या.

दूर्वा गंज, म्हणजे पुष्कळ, असणारच होत्या. आम्ही लावलेलं गवत हराळीचं, म्हणजे दूर्वांचंच. खारं पाणी तिला चालतं, कापणी चालते, तुडवणं चालतं. बाकी कुणालाच यातलं काही चालत नव्हतं. त्या क्षणी मला हे सुचलं नाही. मला सुचलं ते वेगळंच: उशीर होत चालला आहे, पूजा अडायला नको.

"ताई, बाजारातून मागवू का?"

त्यांनी परडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मागव."

पुतण्या मोटारसायकलवर गेला आणि रबर लावलेली जुडी घेऊन आला. त्यात अशोकाची पानं होती आणि एक पान मधोमध कापून दोन केलेलंही होतं. जाऊबाईंनी रबर काढलं, पानं पुसली, सोळा भाज्यांच्या वाट्यांपाशी एकेक ठेवली. पूजा वेळेवर झाली. माझ्या यजमानांनी वेळेवर झाल्याबद्दल माझं कौतुकही केलं.

पंगतीत पुतण्यानं सवयीनं विषय काढला. "आई, आता तर पत्रीही विकतची झाली. पुण्यात तर घरपोच येते. चल मग."

सगळे हसले. जाऊबाई अंबील वाढत होत्या. त्यांनी त्याची वाटी भरली आणि म्हणाल्या, "हाव. लक्ष्म्यांले विकतची चालली, मंग पुन्यातबी चालन. दिवाई झाली का येऊन नेजो मले."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग पुतण्यानं घास ताटात ठेवला. त्याची बायको माझ्याकडे बघू लागली. इतक्या वर्षांनी त्यांना हवं ते मिळालं होतं आणि दोघांनाही ते घेताना संकोच वाटत होता.

दुपारी भांडी पुसताना मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी स्वतः रानातून सोळाच्या सोळा आणीन, तुम्ही जाऊ नका. त्यांनी विचारलं, कोणत्या रानातून? सगळ्यांच्या वावरात फवारणी, सगळ्यांच्या धुऱ्या-बांधावर फवारणी. आणि तू नोकरीवाली बाई, कुठं कुठं फिरशील? त्यांनी एकदाही हिरवळीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते. माझ्याकडे उत्तरं तयार होती: डास, साप, कचरा, समितीचा ठराव. ती सगळी उत्तरं तशीच पडून राहिली.

दिवाळीनंतर पुतण्या गाडी घेऊन आला. महालक्ष्म्यांचे मुखवटे जाऊबाईंनी जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतले, डिकीत ठेवू दिले नाहीत. घराच्या किल्ल्या मला दिल्या. दर शनिवारी मी ते घर उघडते, झाडते आणि त्या फाटकातून समोर बघते.

हिवाळ्यात मी ठरवलं, गैरहजर असलेले एकेक शोधायचे. कामावर जाता-येता, रविवारी स्कूटरवर. माका सापडला पाण्याच्या टाकीच्या गळक्या व्हॉल्व्हपाशी, सतत ओल्या चिखलात. शंखपुष्पी सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, निव्वळ मुरुमात, जिथं दुसरं कुणी उभं राहत नाही. केना संत्र्याच्या बागेतल्या सावलीत, पाटाच्या कडेनं. डोरली नाल्याच्या काठावर. आघाडा एका पडक्या भिंतीच्या पायाशी. एकाही ठिकाणी दोघं जण मिळाले नाहीत. सगळ्यांना गाठायला मला कितीतरी रविवार लागले आणि तीच माणसं जाऊबाईंना फाटकातून दहा पावलांत भेटत होती. "माणसं" लिहून गेले, राहू दे.

तेव्हा मला माझ्या कामाची यादी पुन्हा आठवली. तिच्यात एकाही झाडाचं नाव नव्हतं. मी ढिगारा पसरवला, खड्डा भरला, भेगांवर गाळाचा थर दिला, लिंबाखाली फवारा बसवला. कोरडं, ओलं, हलकं, भारी, उन्हातलं, सावलीतलं, हे सगळं एका पातळीत आणलं. त्या पातळीवर ज्याचं भागत होतं ते एक गवत राहिलं. बाकीच्यांना कुणी हाकललं नाही. त्यांना राहायला जागाच उरली नाही.

नवीन यादी केली आणि समितीपुढे ठेवली. तिच्यातही झाडांची नावं नव्हती: थोडा मुरूम, थोडी ओल, लिंबाखाली पाणी बंद, कडेला फवारणी बंद. मग आमच्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, खड्डा बुजवाचा ठराव तुमचा. आता खड्डा कराचा ठरावबी तुमचाच. पुढच्या वर्षी काय करता?" सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. शेवटी फक्त कोपरा मिळाला. मैदान जसंच्या तसं राहील, या अटीवर.

झालेली कामं अशी. कोपऱ्याकडचे फवारे बंद केले. तिथली हराळी मुळासकट उपटली. खाली मातीवर मिठासारखा पांढरा थर होता, तो खरवडून टाकला. कुदळीनं खड्डा केला, या वेळी जेसीबी बोलावला नाही. यजमान हातात कुदळ घेताना म्हणाले, "तुझ्या यादीत माझंही नाव असतं हे आज कळलं." खड्ड्याच्या वरच्या अंगाला मुरुमाची एक ट्रॉली टाकून पसरली. मातीत जुनं बी असेल. नसेलही. व्हॉल्व्हपाशी पिकलेल्या माक्याचं बी मी कागदाच्या पुडीत आणून ठेवलं आहे.

परवा जाऊबाईंचा फोन आला. तब्येत बरी आहे, लिफ्टची भीती गेली, सून चांगली वागवते. मग विचारलं, "कोपरा खनला म्हनते, खरं काय?"

"खरं."

"मंग नयीचं तोंड उघडलं का?"

मी म्हटलं, उघडते. मग म्हणाल्या, "माका उगोला तं सांगजो. मुखवटे घेऊन चार दिवस येऊन जाईन. नाही उगोला तं इथं जुडी सांगून ठेवते."

नळीच्या तोंडावर माझंच सिमेंट आहे आणि त्याच्यावर पायरस्त्याची फरशी. ती फोडायला समितीची परवानगी नाही. हेडक्लार्क म्हणतात, तिथं खाच पडली तर म्हाताऱ्यांचे पाय अडकतील, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. खाचेवर लोखंडी जाळी टाकता येईल, मी माप घेतलं आहे, गवंड्याला सांगून ठेवलं आहे. पण समितीची बैठक दोनदा पुढं ढकलली गेली. तिसरी मी बोलवायची आहे. सातपुड्याच्या अंगानं आभाळ भरून येऊ लागलंय. छिन्नी आणि हातोडा जाऊबाईंच्या ओसरीत आणून ठेवले आहेत. नळीचं तोंड उघडणं बाकी आहे.