पंपाचा दांडा आणि आमची आत्या

माझी आत्या पंपांच्या कारखान्यात ओतकामाचे साचे भरायची. कामात एवढी पक्की, की तिच्या साच्यातला पंप सदोष निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एका वर्षी मालकांनी कारखाना बंदराजवळ हलवायचं मनावर घेतलं. तिकडे जागा ऐसपैस होती आणि लोखंड थेट जहाजातून उतरणार होतं. पाहणीसाठी त्यांनी एक इंजिनियर पाठवला. कामगार आपसात नोकऱ्यांचं काय होणार याचीच चर्चा करू लागले.

नेमका तो आला त्याच सकाळी चाचणीवरच्या मोठ्या पंपाचा दांडा मोडला. पंप संध्याकाळी रवाना व्हायचा होता.

"नवा दांडा मागवायचा तर आठवडा जाईल," इंजिनियर म्हणाला.

आत्यानं हातांवरची वाळू झटकली. "चला माझ्याबरोबर, साहेब. चहा नंतर."

मोडका दांडा फडक्यात गुंडाळून ती त्याला समोरच्या गल्लीत घेऊन गेली.

"ताई, आज काय मोडून आणलंत?" लेथवाला हसला.

"मोडायला मी आहे, जोडायला तुम्ही आहात की!"

त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून नवा दांडा कातला. दोन दारं सोडून एकानं त्याला खाच पाडली. कोपऱ्यावरच्या भट्टीवालीनं तो लाल तापवून तेलात बुडवला, कडक केला. शेवटी भट्टीवालीच्या भावानं घासून माप बरोबर आणलं. दुपारी तीनला पंप धडधडत पाणी फेकू लागला.

इंजिनियर थक्क झाला. "हे सगळे एकाच गल्लीत कसे जमले?"

"पूर्वी इथल्या ओढ्याची वाळू साच्यांना चांगली होती, म्हणून ओतकामवाले आले. त्यांच्या मागे लेथवाले, मग भट्ट्या. ती वाळू कधीच संपली, आता ट्रकनं येते. माणसं मात्र राहिली. साहेब, लोखंड उतरेल हो जहाजातून, पण हा लेथवाला कुठल्या जहाजातून उतरवणार?"

इंजिनियरनं वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

महिन्याभरानं निर्णय आला. बंदराजवळ फक्त गोदाम होणार होतं, कारखाना जागचा हलणार नव्हता. मालक स्वतः येऊन आत्याला भेटले आणि नव्या मुलींना साचे शिकवायचं काम तिच्याकडे दिलं.

"म्हणजे तू साहेबाला शिकवलंस?" बाबांनी घरी विचारलं. आत्याच्या या धाकट्या भावाची छाती फुगलेली दिसत होती.

"शिकवलं कसलं? फिरवून आणलं," आत्या म्हणाली, पण त्या दिवशी तिची मान जरा जास्तच ताठ होती.

आता ती निवृत्त झाली आहे. तिच्या हाताखाली शिकलेल्या चौदाजणी तिथे साचे भरतात. आत्या अधूनमधून तिकडे चक्कर मारते आणि कुणी न विचारता चुका काढते.