क्लचमास्तरांची नाव

क्लचमास्तर हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनीच दिलं होतं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती आणि त्या सगळ्यांच्या कानात ‘हळू... क्लच हळू सोडा... अहो, हळू म्हणजे हळू!’ हा एकच मंत्र जन्मभर घुमत राहिला होता. मास्तरांचं स्वतःबद्दलचं मत तसं बरं होतं. रोज शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं म्हणजे वाघाचं काळीज लागतं, असं ते बायकोला सांगत.

“तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो,” बायको म्हणे. “वाघाला तो नसतो.”

मास्तर नावाड्यांच्या घरातले. पूल व्हायच्या आधी नदी ओलांडायची तर नावाड्यांवाचून पान हलत नसे. मास्तर रांगत होते तेव्हा पूल झाला आणि नावाड्यांचं काम संपलं. त्यांचे वडील शेवटचे. पुढे त्यांनी पुलाच्याच नाक्यावर पावत्या फाडायची नोकरी धरली. मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत वडिलांचा नावेतला मोठा फोटो होता, आणि आल्यागेल्याला तो दाखवून मास्तर म्हणत, “आमच्या रक्तातच नदी आहे.” रक्तात असेलही, पण अंगाला तिचं पाणी त्यांनी कधी लागू दिलं नव्हतं. घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांना गरगरायचं. पुलावरूनसुद्धा ते कठड्यापासून जमेल तेवढी लांब गाडी न्यायला शिकवत आणि त्याला ‘सुरक्षित अंतर’ म्हणत.

धक्क्याजवळ नावाड्यांचं जुनं नावघर अजून उभं होतं. आत एक शिल्लक नाव, भिंतीवर टांगलेली वल्ही, काही फोटो, आणि छप्पर असं की पाऊस बाहेर थांबला तरी आत चालूच. नावाड्यांच्या मंडळाची सभा तिथेच भरे. त्या वर्षीच्या सभेत अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त औषधवाल्या काकांनी, छप्पर आता पुढच्या पावसाळ्याला टिकणार नाही आणि मंडळाच्या पेटीत खडखडाट आहे, असं सांगितलं. सगळे माना हलवत बसले. मास्तरांकडे फक्त आभार मानायचं काम होतं. पण माईक हातात आला की मास्तरांची जीभ उतारावरच्या गाडीसारखी सुटायची.

“आपण म्हातारे किती दिवस पुरणार?” ते म्हणाले. “हायस्कुलांत गेलं पाहिजे! मुलांना आपला वारसा सांगायचा, आणि मुलांच्याच हातून छपरासाठी निधी उभा करायचा. कुणीतरी हे मनावर घेतलं पाहिजे!”

मग सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले, कारण ते कुणीतरी सापडलं होतं. ठराव एकमताने झाला. विरोध करू शकला असता असा एकच माणूस होता, आणि तो माईक धरून उभा होता.

गावात दोन हायस्कुलं, नदीच्या दोन काठांवर एकेक. मास्तर आधी अलीकडच्या शाळेत गेले. त्यांनी भाषण लिहून नेलं होतं, फोटो पडद्यावर दाखवायची सोय केली होती. पण नमनालाच घडाभर तेल गेलं. नदीचा उगम, नदीची लांबी, नदीचं माणसाच्या जीवनातलं स्थान. पहिला फोटो पडद्यावर आला तो उलटा. नाव वर, नावाडी खाली. ‘यांनाच वाचवायला पैसे हवेत का?’ असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं. मास्तर घामाघूम झाले. चढावर गाडी बंद पडल्यावर मागचे लोक हॉर्न वाजवतात, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना काय वाटत असेल, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. चष्मेवाली, सडपातळ, अंगापेक्षा आवाज मोठा.

“सर, तुम्हाला स्वतःला नाव चालवता येते का?”

‘नाही’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे. मास्तरांना तो उच्चारायला काहीच अडचण नव्हती. पण समोर सगळी शाळा, बाजूला मुख्याध्यापिकाबाई, आणि मागे पडद्यावर उलटे वडील.

“नावाड्याच्या मुलाला हे विचारतेस?” ते म्हणाले. “माशाला विचार, पोहता येतं का म्हणून!”

टाळ्या पडल्या. मास्तर सुखावले. ते सुख मुलगी परत बोलेपर्यंत टिकलं.

“मग सर, दाखवा ना वल्हवून! या काठावरून त्या काठावर. आम्ही घरोघर जाऊ. सर पलीकडे पोचले तर छपराला पैसे द्यायचे, असं लोकांकडून कबूल करून घेऊ.”

मुख्याध्यापिकाबाईंनीच पहिली टाळी वाजवली. त्या मास्तरांकडेच गाडी शिकल्या होत्या; त्यांच्या डोळ्यांत जुना हिशेब चुकता झाल्याची चमक दिसली, असं मास्तरांना उगीच वाटलं. बाईंनी तिथल्या तिथे पलीकडच्या शाळेला फोन लावला. पलीकडची मुलं स्वागताला उभी राहणार, हेही ठरून गेलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “अहो,” ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही अंघोळ करताना बादलीचा कान धरून बसता.”

“मग काय करू?”

“आत्यांकडे जा.”

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. धक्क्यासमोरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मास्तरांनी आपली कर्मकहाणी सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

“तुझा बाप तापाने पडला की नाव कोण न्यायचं, ठाऊक आहे?” तिने विचारलं. “मी. त्याचा कोट घालायचा, टोपी कानांवर ओढायची. बायकांना परवाना नव्हता ना. उतारू म्हणायचे, आज नावाडी कमी बोलतोय.”

“हे मला कुणी सांगितलं नाही!”

“तू कधी विचारलंस? तू फोटो दाखवत बसायचास.”

दुसऱ्या दिवसापासून भल्या सकाळी, गावाला जाग यायच्या आत, शिकवणी सुरू झाली. धक्क्याला दोरीने बांधलेली नाव, नावेत मास्तर, आणि काठावर खुर्ची टाकून आत्या. पहिल्या दिवशीच मास्तरांना धक्का बसला तो बसण्याच्या दिशेचा.

“आत्या, जायचं समोर आणि बसायचं पाठ करून?”

“हो.”

“मग दिसणार कसं?”

“मागचा काठ दिसतो ना? त्याच्यावर डोळा ठेव, म्हणजे पुढचा आपोआप येतो.”

हे मास्तरांच्या तत्त्वात बसेना. तिसऱ्या शिकवणीला त्यांनी गाडीचा जुना आरसा आणून नावेला बांधला. आत्याने काठी पुढे करून तो पाण्यात ढकलला.

“हळू!” ती ओरडायची. “हळू म्हणजे हळू! वल्हं आहे ते, झाडू नाही!”

मास्तर दात-ओठ खात वल्ही मारायचे. आपण आजवर ज्यांना ज्यांना हे वाक्य ऐकवलं, त्यांनी आपल्याला गाडीतून बाहेर कसं फेकलं नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. चक्कर मात्र हळूहळू कमी झाली. घाबरायला सवडच मिळेना. दोरीच्या लांबीएवढं त्यांना सरळ जाता येऊ लागलं. “दोरी असेपर्यंत तू उत्तम नावाडी आहेस,” आत्या म्हणाली.

तो दिवस उजाडला. दोन्ही काठांवर ही गर्दी! मास्तरांनी वडिलांची टोपी घातली होती आणि बायकोने सक्तीने बांधलेलं जाडजूड जीवरक्षक जाकीट, त्यामुळे ते टोपी घातलेल्या उशीसारखे दिसत होते. दोरी सुटली. गर्दीत त्यांचे जुने विद्यार्थी होतेच.

“मास्तर, आरसा बघा!”

“इंडिकेटर द्या, इंडिकेटर!”

“क्लच हळू सोडा!”

सुरुवात बरी झाली. सुरुवातीला पाणी संथ होतं आणि मास्तरांना वाटलं, खरंच रक्तात असतं हो. त्यांनी एक हात उंचावून काठाला अभिवादन केलं. नेमकं तेव्हाच नावेला प्रवाह लागला. हातातलं वल्हं एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला, आणि नाव गोल. एकदा या काठाचे लोक दिसले, एकदा त्या काठाचे, मग पुन्हा या. मास्तरांचा उजवा पाय नावेच्या तळावर जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होता. नाव पुलाखालून गेली आणि पुढे वाळूच्या उंचवट्याला जाऊन टेकली. काठावरचं हसू थांबलं.

तेव्हा आत्या खुर्चीतून उठली. तोंडाशी हातांचा भोंगा करून तिने हाक घातली. लांब, खालून वर चढत जाणारी, शेवटी तुटणारी. नावाडी या काठावरून त्या काठावरच्या उतारूंना घालायचे तीच. पूल झाल्यापासून ती नदीवर कुणी घातली नव्हती. गर्दीतले म्हातारे चमकून वळले. मुलं आ वासून बघत राहिली.

“डावं वल्हं वाळूत रोव!” हाकेच्याच सुरात ती ओरडली. “ढकल! आता उजवं ओढ! ओढ, मेल्या!”

मास्तरांनी रोवलं, ढकललं, ओढलं. नाव सुटली. जीव खाऊन वल्हवत ते शेवटी एका काठाला लागले, उडी टाकून कमरेएवढ्या पाण्यातून वर आले आणि हात उंचावून ओरडले, “पोचलो!”

समोर बायको उभी होती. “अहो,” ती म्हणाली, “हा आपलाच काठ.”

हसण्याचा असा लोंढा आला की मास्तर पुन्हा वाहून जातील असं वाटलं. शाळेतला तो माशाचा थाट केव्हाच बुडाला होता. कबूल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुलं धावत आली तेव्हा ते ओल्या टोपीतून पाणी ओतत म्हणाले, “मुलांनो, मी हरलो. लोकांनी पैसे द्यायचं कारण नाही.”

चष्मेवाली मुलगी विचारात पडली. “सर, पण दिवस अजून संपला नाहीये.”

“बाळ, मला एकट्याला ते जमायचं नाही.”

“एकट्याने जा असं कोण म्हणालं?” मागून आत्याचा आवाज आला. दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून ती काठाकाठाने तिथवर आली होती. “वल्हवायला गुडघे लागत नाहीत. मला आत बसवा.”

मास्तरांनी नको नको म्हटलं, बायकोने म्हटलं, औषधवाल्या काकांनी तर रक्तदाबाची गोष्ट काढली. आत्या नावेत बसली. तिने मास्तरांना शेजारी घेतलं, एक वल्हं आपण धरलं, दुसरं त्यांना दिलं. “मी ओढते तेव्हा ओढायचं. बाकी डोकं चालवायचं नाही.” प्रवाहापर्यंत ती जोरात होती, मध्यावर तिला लागलेला दम मास्तरांना ऐकू येऊ लागला. त्यांनी आपलं वल्हं मुद्दाम हलकं ओढायला सुरुवात केली, नाव तिरकी होऊ नये म्हणून. तिने एक तिरपा कटाक्ष टाकला. पलीकडच्या शाळेची मुलं गुडघाभर पाण्यात उतरून वाट बघत होती. नाव काठाला टेकली तेव्हा आत्याचा चेहरा मास्तरांनी आजवर कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता असा होता.

पैसे ठरल्यापेक्षा जास्त जमले. पोचण्याचे थोडे, हसण्याचे जास्त, असं मास्तर म्हणतात. नावघराच्या निम्म्या भागावर नवी कौलं चढली, उरलेल्यावर पत्रे. दोन्ही शाळांची मुलं सुट्टीच्या दिवशी येऊ लागली. परीक्षा जवळ आल्या तशी बरीचशी गळाली, काही टिकली. चष्मेवाली मुलगी टिकली. ती आत्याची हाक हुबेहूब घालते. शेजाऱ्यांची तक्रार आहे. नावघरातल्या नावाड्यांच्या पाटीवर आत्याचं नाव घालायचं मुलांनी ठरवलं, तर ती भडकली: “त्या पाटीवर सगळे मेलेले आहेत. मी गेल्यावर बघा.”

मास्तरांना व्याख्यानाला कुणी पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्याकडे मंडळाने खुर्च्या मांडायचं काम दिलं आहे. पण अधूनमधून, पाणी संथ असेल तेव्हा, ते आत्याला नावेत घालून पलीकडे नेतात. ती दर वेळी चुका काढते. ‘बरं जमलं’ असं एकदाही म्हणालेली नाही.

गेल्या खेपेला मध्यावरच तिची बडबड थांबली. मास्तरांनी घाबरून बघितलं, तर हनुवटी छातीला टेकवून ती चक्क घोरत होती. मास्तर वल्ही न वाजवता पलीकडे पोचले, नाव बांधली आणि तिच्यासमोर नुसते बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. “पोचलो का?”

“केव्हाच.”

“मग उठवायचं नाही का? उन्हाने भाजले मी!”