वगैरे लिहिलंय का तिथं?

सोलापूर बघायला म्हणून मी निघालोच नव्हतो. मी भांडायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे किल्ल्याची आणि चादरींची माहिती कमी पडली तर शिव्या देऊ नका.

झालं असं, की एस्तेरचा फोन आला. सोलापूरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापकांशी माझं वाजलं आणि मी बॅग उचलून केमला, माझ्या गावी, परत आलो. तिनं शिक्षण पुरं केलं. मी कॉलेज सोडलं, पण तिच्यावर प्रेम करायचं सोडलं नाही. ती म्हणाली, पुण्याचं स्थळ आलंय, तू येऊन पप्पांशी बोल. आणि एक लक्षात ठेव, आमच्या घरात शेवटचा शब्द पप्पांचा नसतो, पवित्र शास्त्राचा असतो.

स्थळाचं ऐकून घाम फुटला आणि शास्त्राचं, म्हणजे त्यांच्या बायबलचं, ऐकून डोकं फिरलं. माझं लग्न एक पुस्तक ठरवणार? दोन दिवस मोबाइलवर वाचत बसलो. ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठं एक गोष्ट दुसरीशी जुळत नाही, सगळे मुद्दे पाठ केले आणि सकाळची गाडी पकडली.

केमहून सोलापूरला जायचं तर रेल्वेच बरी. जनरलचं तिकीट चहा-वड्याच्या पैशात येतं. कुर्डुवाडीला गाडी रेंगाळते, नाश्ता तिथंच उरकावा. मोहोळला पेरूची पाटी घेऊन एक मावशी चढल्या आणि माझ्या समोरच बसल्या. माझा इस्त्रीचा शर्ट बघून विचारलं, "पोरगी बघाया चाललास व्हय?" मी म्हणालो, पोरगी बघून झालीय, आता तिचा बाप बघायचाय. "मग दोन किलो घे की. रिकाम्या हातानं गेलास तर चहा बी मिळायचा न्हाय." डबाभर लोक हसले. पेरू घेतले.

बाजाराजवळ साध्या लॉजमध्ये खोली घेतली. पंखा चालतो का, एवढं बघून पैसे द्या. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. सोलापूरला येऊन पोळी-भाजी मागवणाऱ्यांनी हा ब्लॉग वाचू नये. मग तलावाकाठी सावलीत बसून मुद्दे घोकले. पाणी हिरवट होतं, पलीकडे देवळात गर्दी होती, आणि मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेआधीही इतका घाबरलो नव्हतो. ती परीक्षा मी दिलीच नव्हती म्हणा.

एस्तेरचे पप्पा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. कुठली गाडी कधी सुटणार हे भोंग्यावरून ओरडून सांगण्यात आयुष्य गेल्यामुळे घरातही ते तसंच बोलतात. दारात मला "सलाम" म्हणाले. त्यांच्यात नमस्काराऐवजी सलाम म्हणतात, हे एस्तेरनं शिकवलं होतं, तरी माझे हात जोडले गेलेच. तिच्या मम्मींनी पेरू घेतले, चहा दिला. मी पहिला मुद्दा काढणार, तेवढ्यात पप्पा म्हणाले, आधी प्रार्थना, मग बोलणं.

त्यांच्या घरची रीत अशी. संध्याकाळी सगळे चटईवर बसतात, एक गाणं म्हणतात आणि मग शास्त्र हातोहात फिरतं. प्रत्येकानं थोडं थोडं मोठ्यानं वाचायचं. काल जिथं थांबले तिथून आज पुढे. निवडायचं नाही. पाहुणा असला तरी त्याचीही पाळी येते.

माझी पाळी आली तेव्हा नेमकी नावांची यादी आली. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा, त्या घराण्यातले इतके लोक. जीभ अडकत होती. पाच-सहा नावं कशीबशी वाचली, खाली अख्खं पान नावांचंच होतं. मी म्हणालो, "वगैरे वगैरे," आणि पुस्तक पुढे एस्तेरकडे सरकवलं.

तिनं घेतलं नाही. मम्मींनी पदर तोंडावर धरला, त्या हसत होत्या.

"वगैरे लिहिलंय का तिथं?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग वाच की."

वाचलं. सगळं पान. कान तापले होते. संपल्यावर प्रार्थना झाली, तीत माझं नावही घेतलं गेलं, त्यानं मी आणखी चिडलो आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. हे माणसांनीच लिहिलंय. हजारो वर्षांपूर्वी लिहिलंय. त्या नावांचा आज सोलापुरात कुणाला काय उपयोग?

ते रागावले नाहीत. म्हणाले, लिहिलं माणसांनीच. राजे होते, मेंढरं राखणारे होते, मासे धरणारे होते. पण आम्ही मानतो की त्या सगळ्यांकडून बोलणारा एकच आहे. तो काल बोलला आणि आज गप्प झाला असं नाही. मग मला म्हणाले, "मोहोळला मला कंटाळा येतो म्हणून गाडी मोहोळला थांबवायची नाही, असं ड्रायव्हरनं ठरवलं तर? थांबे तो ठरवत नाही. आज मी नावं गाळली, तर उद्या मला न पटणारी आज्ञा गाळीन. परवा जे उरेल ते माझंच बोलणं असेल."

मम्मी हळूच म्हणाल्या, यांचा भाऊ यांना भर लग्नात वाटेल ते बोलला होता. यांनी पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं, कारण उघडलं की क्षमा करावी लागणार. आठवडाभर घरात वाचन नाही. मग एका सकाळी यांनी कुलूप काढलं आणि चहासुद्धा न घेता भावाच्या दारात गेले. पप्पा खाली बघत पेरू कापत राहिले.

आमच्या लग्नाबद्दल ते सरळ बोलले. विश्वास वेगळा असेल तर जोडी बांधू नये असं शास्त्र सांगतं, मला ते मोडता येत नाही. तुझ्याकडे बघून मोडावंसं वाटतं, तरी येत नाही.

मी म्हणालो, "मग येत्या रविवारी मला पाण्यात उतरवून बाप्तिस्मा द्या, मी ख्रिस्ती होतो."

मला वाटलं, आता मिठी मारतील. त्यांनी विचारलं, "कुणासाठी?"

मी एस्तेरकडे बघितलं.

"हिच्यासाठी पाण्यात उतरलास तर ओला होशील, एवढंच."

त्यांना हवं ते मी ताटात वाढलं होतं आणि त्यांनी ताट मागे सारलं.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत एस्तेर भेटली. तिला चर्चसाठी पडद्याचं कापड घ्यायचं होतं. नवी पेठेत जायचं तर सकाळी जा, नंतर रिक्षा, माणसं आणि गाठोडी यांच्यात पाय ठेवायला जागा नसते. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर ती म्हणाली, "पप्पा हो म्हणाले असते ना, तरी मी नाही म्हटलं असतं."

एका पुस्तकापुढं मी कोण, असं मी जरा जोरात विचारलं. दुकानदार कापड मोजायचा थांबला.

"पुस्तकापुढं नाही रे. ते ज्याचं आहे त्याच्यापुढं. आणि ज्या मुलीला हे सोडता येतं, तिला उद्या तुलाही सोडता येईल. तशी बायको हवी का तुला?" मग म्हणाली, "पुण्याच्या स्थळालाही मी अजून हो म्हटलेलं नाही. पण तू माझी वाट बघू नको. तुझं तू बघ, तुला खरं काय वाटतं ते. अर्ध्यावर सोडू नको फक्त."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिथून निघालो. तरी आईसाठी शेंगाचटणी घेतली. घेणार असाल तर उखळात कुटलेली मागा, तिला तेल सुटलेलं असतं.

लॉजच्या दारात पप्पा स्कूटर घेऊन उभे. ड्यूटीला जाताना सोडतो म्हणाले. फलाटावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली शास्त्राची जुनी प्रत हातात दिली. "हिला मिळवायला वाचू नको. मला हरवायला वाचलंस तरी चालेल. पण पुरं वाच. शेवटाला जाऊन पटलं नाही, तर तेही येऊन सांग. चहा मिळेल." आणि जिन्यावरून वळून ओरडले, "पेरू गोड होते!"

आता काय राहिलं, ते. एस्तेरला मी फोन केलेला नाही. माझा विश्वास बसलाय असंही नाही, उगाच तसं लिहिणार नाही. पण त्या घराला मी हट्टी म्हणत होतो, ते आता म्हणवत नाही. हट्ट माणूस दुसऱ्यावर चालवतो. त्यांनी तो आधी स्वतःवर चालवलेला मी बघितला.

रोज संध्याकाळी परसात बसून मोठ्यानं वाचतो, पहिल्या पानापासून. परवा पुन्हा नावं आली. आई ज्वारी निवडत होती. म्हणाली, "कुणाची रं ही नावं?"

म्हणालो, माहीत नाही. कधीच मेलेली माणसं.

तिनं सुपातला खडा काढून फेकला. "एवढी समदी ल्हून ठिवलीत म्हंजे कुणाला तरी ती हवी असत्याल की."

मी वगैरे म्हणणार होतो. मग बोट खालच्या ओळीवर ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं.